पांढऱ्या मातीतलं गाव

धाराशिव जिल्ह्यात आठवडाभर राहून आलो म्हटल्यावर आमच्या गुहागरच्या शेजाऱ्यांनी पहिला प्रश्न केला, तुळजापूरला दर्शन झालं का? नाही झालं. तेरच्या संग्रहालयातली शेकडो वर्षांपूर्वीच्या मातीच्या मूर्ती पाहायची माझी फार दिवसांची इच्छा होती, तीही राहिली. नळदुर्गचा किल्ला बसच्या खिडकीतून दिसला, तोही मान दुखेपर्यंत मागे वळून. मग तिकडे केलंत तरी काय, असं विचारलंत तर एवढंच सांगता येईल, की जिल्हा परिषदेच्या एका शाळेत चौथीपर्यंतच्या तीसेक पोरांबरोबर चिखलात बसलो होतो. वय वर्षं चौसष्ट.

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. अधूनमधून मला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला बोलावतात आणि मी माती, पुठ्ठा, चिंध्या यांतून इतिहास कसा शिकवावा याच्या फुशारक्या मारून येतो. गेल्या वर्षी अशाच एका प्रशिक्षणात जेवणाच्या सुट्टीत एक तिशीच्या बाई ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. नाव सुवर्णा. माकणी धरणाच्या भागातल्या एका गावात त्या शिकवतात, आणि ते गाव त्यांचं स्वतःचंच.

"सर, चौथीला 'आपलं गाव' शिकवताना मी पोरांना सांगते, आजी-आजोबांना विचारून या, गाव पूर्वी कसं होतं. पोरं वहीचं कोरं पान घेऊन येतात. आजोबा म्हणतात, जा खेळ."

त्या भागात भूकंप झाला त्याला आता तीस वर्षांहून जास्त झाली. गणपती विसर्जनाच्या रात्री गावं झोपेतच पडली. मग सरकारनं आणि संस्थांनी दोन-तीन किलोमीटरवर नवी गावं वसवली आणि जुनी तशीच पडून राहिली. सुवर्णाचा जन्म त्यानंतरचा, पत्र्याच्या शेडमधला. तिच्या आधीची एक बहीण होती. ती त्या रात्री गेली, तेव्हा दुसरीत होती.

"आमचं घर कुठं होतं ते मला माहीत नाही, सर," सुवर्णा म्हणाली. "बहिणीचं नाव शालू, एवढं आईकडून कळलं. आई चार वर्षांपूर्वी गेली. आबांच्या तोंडून तर ते नावही मी कधी ऐकलं नाही. मला पोरांकडून जुन्या गावाचं मॉडेल करून घ्यायचंय. त्या निमित्तानं आबा बोलले तर बोलले. तुम्ही याल?"

असं विचारल्यावर नाही म्हणण्याइतका मी शहाणा असतो तर चित्रकला शिक्षक कशाला झालो असतो?

जळकोट

डिसेंबर संपत आला होता. मी बरोबर एक गोणी घेतली होती. तिच्यात आमच्याकडची मळून तयार केलेली माती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. सोलापूरपर्यंत ती मी लेकरासारखी सांभाळली. जळकोटला गाडी बदलायची होती. उतरलो, समोर एकजण गरमागरम भजी तळत होता, आणि मी आधी भज्यांकडे गेलो. पहिलं भजं तोंडात असताना उमरग्याची बस निघाली. दुसऱ्या भज्याला आठवलं, गोणी सीटखाली आहे.

भजीवाल्यानं मनापासून हळहळ व्यक्त केली. "काय होतं वो गोणीत?"

"माती."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि प्लेटमध्ये दोन मिरच्या जास्त टाकल्या. लोहाऱ्याकडे जाणाऱ्या काळी-पिवळी जीपमध्ये मी स्वतःची समजूत घालत होतो, की माती काय, सगळीकडे मातीच. दोन्ही बाजूंना काळंभोर रान होतं, त्यात छातीभर ज्वारी, मधे हरभरा आणि करडई. इतकी चांगली माती आयती असताना कोकणातून गोणी आणली, म्हणजे मीच येडा, असं मी ठरवून टाकलं.

सरळ गाव

गावात पोचलो तेव्हा चार वाजले होते. रस्ते रुंद आणि पट्टीनं आखल्यासारखे सरळ. घरं एकाच मापाची, एकाच तोंडाची, दोन घरांमध्ये सारखं अंतर. आमच्याकडे वाडीतलं प्रत्येक घर आपल्या माडापोफळीत तोंड लपवून बसतं आणि पाहुण्याला हाक मारत मारत शोधावं लागतं. इथं शोधायला काहीच नव्हतं आणि म्हणूनच मी चुकलो. संध्याकाळी पाय मोकळे करून परत आलो, चपला काढल्या, आत जाऊन खाटेवर बसलो, आणि एक अनोळखी बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी भलत्याच्या घरात बसलो होतो. बाईंनी तसं कळूही दिलं नाही. चहा पाजला आणि मग विचारलं, "कुणाकडं आलाव तुमी?"

त्या इंदूबाई निघाल्या, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या. पोरं त्यांना मावशी म्हणतात. "आमचं बी असंच व्हायचं सुरवातीला," त्या म्हणाल्या. "आमचे मालक तर दोनदा दुसऱ्याच्या दावणीला बैल बांधून आले."

सुवर्णाच्या घरी तिची मुलगी गौरी आणि वडील. सुवर्णाचे यजमान पुण्यात कंपनीत असतात. गौरी दुसरीत. तिनं मला पाच मिनिटांत आपली पाटी, आपली शेळी आणि आपला हलणारा दात दाखवला. आबा, म्हणजे भानुदासराव, सत्तरीकडे झुकलेले, उंच, धोतर-सदऱ्यातले. त्यांनी मला बसायला चांगली जागा दिली, पाठीला उशी दिली, ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढायला लावलं. मी भाकरीचा तुकडा नीट मोडत नाही म्हणून स्वतः भाकरी कुस्करून दाखवली. भातावर वाढलेल्या माणसाला ती कला एका रात्रीत येत नाही.

जेवणं झाल्यावर सुवर्णानं मी कशाला आलोय ते सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं.

"नव्या गावाचं करा की," ते म्हणाले. "ग्रामपंचायत हाय, टाकी हाय, शाळा हाय. ते जुनं कशाला उकरायलाव?"

"आबा, पोरांना कळायला पाहिजे ना."

"लेकरांना तिकडं न्यायचं न्हाय," एवढं बोलून ते उठले. रागानं नाही. मला रात्री पांघरायला घोंगडं आणून दिलं आणि पायथ्याशी नीट दुमडून ठेवलं. माझा जीव तिथंच अर्धा झाला. इतक्या सभ्य माणसाच्या मनाविरुद्ध काही करायचं, हे मला जड वाटत होतं, आणि सुवर्णाच्या चेहऱ्याकडे बघून परत जाणंही जड वाटत होतं.

काळी

दुसऱ्या दिवशी शाळेत मी माझ्या नेहमीच्या थाटात सुरुवात केली. पोरांना म्हटलं, जा, रानातून एकेक पिशवी माती आणा. ती धावली. काळी, मऊ, लोण्यासारखी माती. मळली की बोटाला चिकटून यायची. दुपारपर्यंत शाळेच्या ओट्यावर साठ-सत्तर घरं उभी राहिली. कोणी दाराला तोरण कोरलं, कोणी अंगणात बैल बसवला. बैलापेक्षा शिंगं मोठी होती, पण ते सगळीकडेच असतं. मी हात धुताना सुवर्णाला म्हटलंसुद्धा, "पाहिलंत? गोणी राहिली ते बरंच झालं."

मावशी खिचडीच्या पातेल्यापाशी उभ्या राहून बघत होत्या. काहीतरी बोलणार होत्या, पण मी सर होतो, म्हणून बोलल्या नाहीत.

सकाळी शाळा उघडली तर ओट्यावर एक घर धड नव्हतं. प्रत्येक भिंतीला बोट जाईल एवढी भेग. बैलांची शिंगं गळून पडलेली. पहिलीतला एक मुलगा आपल्या घराचे चार तुकडे हातात घेऊन माझ्याकडे नुसता बघत होता. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणताही साहेब इतकं घालूनपाडून बोलला नसेल, जितकं ते पोरगं न बोलता बोललं.

मग मावशी पदराला हात पुसत आल्या.

"सर, ही रानाची माती. लई गुणाची हाय, पीक देती. पर वाळली की फाटती. हिचं घर हुत न्हाय."

"मग तुमच्याकडे घरं कशाची बांधायचे?"

"घराला पांढरी लागायची," मावशी म्हणाल्या. पांढरी म्हणजे गाव जिथं वसतं तिथली पांढुरकी माती. भिंतीच्या दगडांत तीच, जमीन सारवायला तीच, आणि माळवदावरही तीच. माळवद म्हणजे इकडच्या जुन्या घरांचं सपाट छत: लाकडी तुळया, त्यांवर फळ्या-फांद्या, आणि वर हातभर पांढरी. माझ्यासारख्या उतरत्या कौलांखालच्या माणसाला हे नवीनच होतं.

"कुठं मिळेल ती?"

मावशींनी पश्चिमेकडे हात केला. "जुन्या गावातच. दुसरी कुठं?"

पांढरी

आबांचा नकार घरापुरता होता. बाकीच्या पालकांना सुवर्णानं घरोघरी जाऊन विचारलं. कुणी हो म्हटलं, कुणी मान फिरवून "तुमी बगा" म्हटलं. गौरीबद्दल तिनं आबांना सकाळीच सांगितलं, की मी नेते आहे. ते शेळी सोडायला निघून गेले. मावशी आमच्याबरोबर निघाल्या, डोक्यावर दोन रिकाम्या पाट्या घेऊन.

जुनं गाव म्हणजे एक लांबट टेकाड. बाभळी, सीताफळीची झुडपं, गुडघाभर गवत आणि त्यातून वर आलेले दगडांचे ढीग. मधेच एखादी भिंत कमरेएवढी शाबूत, तिच्यात दिवा ठेवायचा कोनाडा. मारुतीच्या देवळाचा चौथरा आणि मशिदीची एक कमान उभी होती. मला भीती होती, पोरं घाबरतील. पोरं कसली घाबरतात! त्यांना कोनाड्यात पक्ष्याचं घरटं सापडलं, एकाला जात्याची दगडी पाळ सापडली, आणि ती फिरवून बघायला रांग लागली. मावशी एका ठिकाणी थांबल्या, वाकून दगडावरची माती हातानं सारखी केली, आणि म्हणाल्या, "हे आमचं." मग डोळे पुसले आणि पाट्या भरायला घेतल्या.

सुवर्णा त्या ढिगाऱ्यांमधून नुसती चालत होती. या ढिगापाशी थांबायची, पुढच्या ढिगापाशी थांबायची. आपलं घर कोणतं हे माहीत नसलेल्या माणसाला तिथं प्रत्येक दगडापाशी थांबावं लागत होतं. मी मावशींना हळूच विचारलं, तुम्हाला माहीत असेल ना? त्या म्हणाल्या, "माहीत हाय की. पर ते तिच्या बापानं सांगायचं. म्या कशी सांगू?"

पांढरी चाळली, भिजवली, तिच्यात गव्हाचा भुसा कालवला. मावशींनी पायानं तुडवली आणि पोरांनीही, सगळ्या शाळेचे पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. या वेळी मी तोंड मिटून शिकत होतो. संध्याकाळपर्यंत पटांगणातल्या कडुलिंबाखाली, जुन्या दारांच्या फळ्या टाकून त्यांवर पोरांनी जुनं गाव उभं केलं. रात्रीत ते वाळलं आणि सकाळी एकाही भिंतीला भेग नव्हती. मी मनातल्या मनात मावशींना साष्टांग नमस्कार घातला.

सुवर्णानं म्हाताऱ्या मंडळींना निरोप धाडला, पोरांनी तुमचं गाव केलंय, बघायला या. येतील असं तिलाही वाटत नव्हतं. पण मावशी आल्या, त्यांच्या मागं आणखी चार-पाच जणी, आणि काठी टेकत रसूलचाचा. चाचा पूर्वी गावचे गवंडी; निम्म्या गावाच्या भिंती त्यांनी रचलेल्या. ते फळ्यांपाशी उभे राहिले. चष्मा पुसला. परत पाहिलं.

"ये क्या है?"

"जुनं गाव, चाचा!" पोरं ओरडली.

"हे? अरे ही तर आपली वसाहत झाली!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पोरांनी घरं ओळीत मांडली होती. सरळ रस्ते, एकाच मापाची घरं, सगळ्यांची तोंडं एका दिशेला, मधे सारखं अंतर. मी दिवसभर बघत होतो आणि मला काही खटकलं नव्हतं.

"गाव असंच असतं की," गौरी म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं, चुकलं काय.

"असं असतं व्हय?" चाचांचा आवाज चढला. "माझ्या भिंतीला इंदूची भिंत होती, गं बाय! एकाच भिंतीत दोन घरं. हिनं फोडणी दिली की माझ्या घरात ठसका. बोळ असा वाकडा, की बैलगाडी आली तर माणसानं दारात चढायचं."

"आन आड कुठंय? देवळाच्या मागं आड होता," एक म्हातारी म्हणाली.

"देवळाच्या मागं न्हाय, वेशीच्या आत."

"तुमाला काय ठावं, पानी आमी भरायचो!"

बघता बघता भांडण जुंपलं आणि ते ऐकून आणखी माणसं जमली. तीस वर्षं ज्यांनी नातवंडांना जा खेळ म्हणून घालवलं, ती माणसं पटांगणात फतकल मारून बसली आणि पोरांच्या हातातली घरं घेऊन सरकवू लागली. ओळी मोडल्या. घरं एकमेकांना खेटली. चाचा पोरांना भिंतीचा दगड कसा बसवायचा ते शिकवत होते आणि मावशी बोळाची वळणं बोटानं काढत होत्या. कोणाचं बाळंतपण कुठल्या खोलीत झालं, कुठल्या कट्ट्यावरून कोण पडलं, सगळं बाहेर यायला लागलं. कोण गेलं तेही. कुणी बोलताना थांबायचं, मग शेजारचा माणूस पुढचं बोलायचा. पोरं वह्या घेऊन आली आणि लिहून पुरेना.

त्यांचा एक नियम मात्र मला त्या दुपारी कळला. प्रत्येकानं आपलं घर आपल्या हातानं ठेवायचं. "घराच्या मातीची पहिली पाटी घरच्यानंच टाकायची, ही आमच्या गावची चाल," चाचा म्हणाले. ज्यांच्या घरात कोणी उरलं नाही, त्यांचं घर भावकीतल्या कुणीतरी ठेवलं. संध्याकाळी सगळं गाव बसलं. मावशींच्या घराला लागून, बोळाच्या वळणावर, एक जागा रिकामी राहिली.

"इथं काय होतं?" मी विचारलं.

चाचा काठी उचलून उठले. "ती जागा भानुदासची. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाय, मास्तर."

सुवर्णा त्या हातभर जागेकडे बघत बसली. तीस वर्षांत तिला पहिल्यांदा कळलं होतं, आपलं घर कुठं होतं ते. पण जागाच कळली. घर कसं होतं ते आबांनाच ठाऊक.

येळवस

दुसऱ्या दिवशी येळवस. वेळअमावस्येला इकडचे लोक असं म्हणतात. धाराशिव-लातूरकडे हा मोठा सण. गावात त्या दिवशी कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळी रानात. आमच्याकडे शेतात कामाला जातात, इथं त्या दिवशी शेतात जेवायला जातात. ज्वारीच्या कडब्याची छोटी झोपडी उभारतात, तिला कोप म्हणतात. आत पाच दगड मांडून चुन्यानं रंगवतात आणि काळ्या आईची पूजा करतात.

आबांनी कोप स्वतः बांधली. पेंड्या हलक्या हातानं उभ्या करून शेंड्याला गाठ, वर सुवर्णाची शाल. गौरी त्यांच्या पायात पायात. जेवायला बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, भाकरी, आणि भज्जी. ही भज्जी म्हणजे जळकोटची भजी नव्हेत. हरभरा, तूर, वाटाणा, शेंगदाणे, पालेभाज्या, सगळं बेसनात शिजवलेलं. वर मडक्यातली आंबील, ताकातली, आंबट आणि गार. मी तीन वाट्या प्यायलो. सुवर्णा म्हणाली, "सर, आता चार वाजेपर्यंत उठवत नसतंय." खरं निघालं असतं, पण तेवढ्यात गौरीनं भाकरी मोडता मोडता विचारलं,

"आबा, समद्यांची घरं झाली. आपलं जुन्या गावात घर नव्हतंच का?"

सुवर्णाचा घास हातातच राहिला. आबांनी आंबिलीचा पेला खाली ठेवला, "पानी बघून येतो" म्हणाले आणि ज्वारीतून निघून गेले. पाणी सोडलेलं नव्हतं हे मलाही कळत होतं. मी मागं गेलो. ते विहिरीच्या काठावर बसले होते. मी शेजारी बसलो. कोप छान झाली म्हटलं.

"हलकी असती," ते म्हणाले. आणि मग विहिरीत बघत: "मास्तर, माळवद गळतं. तवा दर साली पावसाळ्याच्या आदी वर पांढरी टाकायची. समदेच टाकायचे. त्या साली म्या गावात समद्यात जास्त टाकली. बायको म्हनली, बास झालं आता. म्या म्हनलं, लेकरू झोपतंय खाली, थेंब पडाय नगं तिच्या अंगावर."

त्या रात्री ते सगळं ओझं तिच्यावरच खाली आलं होतं.

"आन तुमी म्हनता, पांढरीला हात लावा."

तुमचा दोष नाही, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, पण तीस वर्षं ज्या माणसानं ते स्वतःला सांगून पाहिलं असेल त्याला मी काय नवीन सांगणार होतो? शेवटी एकच बोललो. "सुवर्णाला काही नको, आबा. घराचं दार कुठल्या बाजूला होतं, एवढंच तिला पाहिजे."

त्यांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते कळलं नाही.

विहिरीवरचं ते बोलणं मी सुवर्णाला सांगितलं नाही. ज्याचं त्यानं सांगावं, हे मी इथंच शिकलो होतो.

शेवटचा दिवस

सकाळी साडेदहाला पटांगण भरलं होतं. सणाच्या तयारीमुळे ज्यांना आधी यायला जमलं नव्हतं, तेही आले. पोरं आपापल्या आजोबांची घरं ओळखून दाखवत होती. "हे आमचं, याच्या दारात चिंच होती," असं नऊ वर्षांचं पोर सांगत होतं, जसं काही चिंचा त्यानंच पाडल्या. सुवर्णा हसत होती, सगळ्यांना फिरून दाखवत होती, आणि दर थोड्या वेळानं तिचे डोळे फाटकाकडे जात होते. माझी बस दोनची होती. बारा वाजले. मी पिशवी भरून ठेवली.

सव्वाबाराला आबा आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. माणसं नुसती बाजूला झाली. चाचांनी काठीनं आपल्या शेजारी जागा दाखवली. आबा फळ्यांपाशी बसले. वळणावरच्या रिकाम्या जागेवर त्यांनी हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"पांढरी द्या," ते म्हणाले.

मावशींनी पाटी पुढं सरकवली. आबांनी गोळा घेतला. भिंती त्यांनी बोटाच्या पेराएवढ्या जाड केल्या. दार बोळाकडे नाही, मावशींच्या अंगणाकडे. मान वर न करता ते बोलायला लागले, आणि ते सुवर्णाशी बोलत होते हे सगळ्यांना कळत होतं.

"दार हिकडं. तुजी आई आन इंदू हितं बसून डाळी निवडायच्या. ही चूल. हे जातं. हा कोनाडा, त्यात तिची पाटी-पेन्सिल असायची." त्यांनी दारापाशी अंगठ्यानं माती सारखी केली. "हितं शालू झोपायची. दारापाशी. आत गरम हुतं म्हनायची."

सुवर्णा त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली होती. ती रडत होती, आणि रडताना तिनं त्या जागेवर, दारापाशी, बोट टेकवलं. चाचा चष्मा काढून बसले होते. मीही रडलो, लपवत नाही.

"शाळेत हुशार हुती," आबा म्हणाले. "तुज्यासारखीच."

मग पहिलीतलं ते पोरगं, ज्याच्या घराचे चार तुकडे झाले होते, पुढं आलं. त्याच्या हातात पांढरीची थापलेली वडी होती. बाकीच्या घरांवर पोरांनी तशीच माळवदं टाकली होती. "आबा, वर माळवद?"

आबांनी त्या वडीकडे पाहिलं. "नगं," ते म्हणाले. "उघडंच ऱ्हाऊ द्या."

"पर थंडी वाजंल की!" गौरी म्हणाली आणि दप्तराकडे पळाली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात ज्वारीच्या धाटांचं एक छप्पर होतं. सोललेल्या धाटांचे तुकडे काट्यांनी जोडलेले, कालच्या कोपीच्या कडब्यातून खेळायला म्हणून केलेलं, तळहाताएवढं. कुणाला न विचारता तिनं ते घरावर ठेवलं. बरोबर बसलं नाही, एका कोपऱ्याला वर राहिलं.

आबांनी तर्जनी त्या कोपऱ्याखाली घातली आणि छप्पर उचललं. एका बोटानं. थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, आत बघितलं, आणि मग हळूच परत ठेवलं.

"हलकं हाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."